गार इंजिनातली टिकटिक

मामांनी सकाळी ट्रक चालू केला आणि चावीवरचा हात तसाच राहिला. इंजिनाची नेहमीची घरघर होतीच, पण त्या घरघरीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी टिक टिक टिक करत होतं. मामांनी डोळे मिटले, डोकं मागे टेकवलं आणि ऐकत बसले. अंगणाच्या भिंतीवरून कोवळं ऊन हळूहळू खाली उतरत होतं. ते बॉनेटवर आलं, काचेवर आलं, मामांच्या मांडीवर येऊन बसलं, तरी मामा आपले ऐकतच होते.

"अहो, चहा," मामींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अहो, गार होतोय." त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही, पातेल्यावर चमचा वाजवला. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसं खिडकीत आली. मामांनी मान वळवली नाही.

मामांना सगळे तंद्रीमामा म्हणत, पण हे नाव त्यांना रस्त्यावर मिळालेलं नव्हतं. स्टिअरिंग हातात असलं की हा माणूस टक्क जागा असायचा. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला शिंक येणार आहे हेसुद्धा त्यांना आधी कळायचं म्हणे. घोळ व्हायचा तो ट्रकमधून पाय खाली ठेवल्यावर. एकदा साबण आणायला म्हणून दुकानात गेले, दुकानदाराला "माल उतरवून घ्या" असं सांगितलं आणि मोकळ्या हातांनी घरी आले. दुकानदार बिचारा संध्याकाळपर्यंत मालाची वाट बघत होता.

अलीकडे मात्र मामा हाकेला ओ देईनासे झाले होते, आणि घरात हळूहळू सगळ्यांचं ठरून गेलं होतं की मामांचे कान गेले. जन्मभर इंजिनाशेजारी बसलेला माणूस, दुसरं काय होणार? मामींना आधी वाईट वाटलं. मग एक दिवस कोबी चिरता चिरता त्या सहज काहीतरी पुटपुटल्या, समोर बसलेल्या मामांनी पापणीही हलवली नाही, आणि मामींना कुणीतरी कोंडवाड्याचं दार उघडल्यासारखं झालं. लग्नापासून पोटात साठलेलं त्या रोज थोडं थोडं बाहेर काढू लागल्या. आधी अर्थातच तक्रारी. नणंदेच्या लग्नात आपल्याला निळी साडी हवी होती आणि मामांनी हिरवी आणली, इथपासून सुरुवात झाली. तक्रारी संपल्यावर तोंडाला लागलेली सवय काही सुटेना, तेव्हा उरलेलं बाहेर यायला लागलं.

"गाडीचा आवाज वळणावर आला की माझा जीव भांड्यात पडतो," एका दुपारी बटाटे सोलताना त्या बटाट्यांनाच म्हणाल्या. "तोवर घास उतरत नाही. या माणसाला कधी सांगितलं नाही मी. सांगून काय, म्हणेल वेडीच आहेस." मामा खिडकीबाहेर बघत होते.

तर ती टिकटिक. मामांनी लेकीला बोलावून आणलं. लेक ट्रकचा सगळा कारभार बघायची, कुठला माल कधी उचलायचा, कुठे पोचवायचा, सगळं फोनवर तीच ठरवायची. तिनं बॉनेटजवळ कान नेला.

"घरघर येतेय, बाबा."

"घरघरीच्या खालचं ऐक."

"खाली काय? खाली अंगण आहे."

तेवढ्यात इंजिन गरम झालं आणि मामांनाही टिकटिक येईनाशी झाली. ते ट्रक घेऊन तडक मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री मामांचा लहानपणापासूनचा दोस्त. इंजिनाच्या पोटातलं ऐकायला तो एक लांब रबरी नळी वापरायचा. एक टोक इंजिनावर, दुसरं कानात, आणि डोळे मिटलेले. त्याच्या गॅरेजच्या पत्र्याखाली दुपारी असा काही गुंगीचा वारा फिरायचा, की मिस्त्री ऐकतोय की झोपलाय हे सांगणं अवघड व्हायचं.

"काही नाही," बऱ्याच वेळानं डोळे उघडून मिस्त्री म्हणाला. "सुरेख चाललंय. मलाच डुलकी लागली."

"सकाळी होती रे."

"सकाळचं मला सांगू नकोस. गार इंजिनाचं निदान मी करत नाही. गार असताना सगळीच इंजिनं कुरकुर करतात. मी पण करतो."

हे तत्त्व मूळचं मामांचंच होतं. गार इंजिनाच्या ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्या घरातला पहिला नियम. "झोपेतून उठवलेल्या माणसाला कुणी लगेच पळायला लावतं का?" असं ते विचारत. त्यामुळे ट्रक चालू झाला की आधी तो तसाच हळूहळू घरघरत ठेवायचा, मग चहा, मग पुढचं. लेकीला लहानपणी बाराखडी येण्याआधी हे येत होतं. मिस्त्रीनंही गॅरेजात हाच नियम लावला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टिकटिक आली, गॅरेजात पोचेपर्यंत पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मैत्रीखातर टॅपेटचं काम केलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अंगाला जी बारीक अंतरं जुळवायची असतात ती सगळी नव्यानं जुळवली. त्याच्या पुढच्या सकाळी टिकटिक हजर होती. शेवटी मामा हात जोडून म्हणाले, "तूच सकाळी माझ्याकडे ये. गार इंजिनावर कान लाव. एकदा माझ्यासाठी नियम मोड."

मिस्त्री आला. येताना नळी गळ्यात घालून आला. पण घरी मिस्त्रीकाका यायचे म्हणून लेक लवकर उठली होती, आणि त्यांची खोटी होऊ नये म्हणून तिनं ट्रक चालू करून छान गरम करून ठेवला होता. मामा आंघोळ करून बाहेर आले तेव्हा इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं आणि मिस्त्री डोळे मिटून, नळी कानात घालून, मडगार्डवर रेलला होता.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. या वेळी मात्र त्यानं मामांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मामींना बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, जरा कानाच्या डॉक्टरला दाखवा त्याला."

त्या दिवशी लेकीनं स्वतःच परीक्षा घेतली. मामा खुर्चीत बसले होते. ती मागे उभी राहून हळूच म्हणाली, "बाबा, नवे टायर घ्यायचे का?" नव्या टायरांसाठी मामा कितीतरी दिवस तिच्या मागे लागले होते. मामा खिडकीतून ट्रककडे बघत होते.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली.

"हं? सायलेन्सर सैल झाला असेल का गं?"

लेक समोर येऊन बसली. "आधी असलेलं ऐकू येत नव्हतं, ते आम्ही चालवून घेतलं. आता नसलेलं ऐकू यायला लागलंय. उद्या मागून हॉर्न आला आणि तुम्हाला तो ऐकूच आला नाही, तर आम्ही काय करायचं?" तिनं हात पुढे केला. "सोमवारपासून बदली ड्रायव्हर येतोय. चावी द्या."

मामांनी चावी दिली. भांडले नाहीत, कारण खरं सांगायचं तर त्यांचाही धीर सुटला होता. मिस्त्रीला येत नाही, लेकीला येत नाही, मग आपल्यालाच कशी येते? आपण ती टिकटिक स्वप्नात तर ऐकत नाही ना? आणि ती स्वप्नातली असेल, तर लेकीचं बरोबर होतं, चावी द्यायलाच हवी होती. दोन दिवस ते अंगणात ट्रकच्या सावलीत बसून राहिले. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, एवढंच काम उरलं होतं. ट्रक गेला तर आपल्या हाताला दुसरं काहीच येत नाही, या विचारानं ते आपले रिकामे तळवे बघत बसायचे. मामी शेजारी येऊन बसायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "असं नका बसू हो. मला बघवत नाही." मामा टायरकडे बघत राहायचे.

सोमवारी सकाळी बदली ड्रायव्हर आला. काळा चष्मा लावलेला, आणि दोन्ही कानांत गाणी ऐकायची बोंडं घातलेला. कान गेले म्हणून ज्याला घरी बसवलं, त्याच्या जागी हे ध्यान आलेलं पाहून मामींनी लेकीकडे असं पाहिलं की लेक आकाशाकडे बघू लागली. गाडी ताब्यात देताना कुणी जाणतं माणूस असावं म्हणून मिस्त्रीलाही बोलावलं होतं. नळी त्याच्या गळ्यात होतीच, ती तो घरीही काढत नसावा.

पोरगा केबिनमध्ये चढला. दोन दिवस उभा असलेला, अगदी गारठलेला ट्रक त्यानं चालू केला आणि दुसऱ्याच क्षणी ॲक्सिलरेटर पार तळाशी दाबला.

अंगणातल्या सगळ्यांच्या काळजात कळ आली. या घरात असा प्रकार कधी झाला नव्हता. "अरे, गरम तर होऊ दे," मिस्त्री ओरडला. लेक दोन्ही हात हलवत पुढे धावली. कानात गाणी असलेल्या पोरानं सगळ्यांकडे बघून हसून हात हलवला आणि आणखी दाबलं. आणि त्या गर्जनेतून, लोहारानं ऐरणीवर हातोडी मारावी तशी, टक टक टक टक अशी टिकटिक अंगणभर घुमू लागली. शेजारची दोन्ही घरं पुन्हा खिडकीत आली.

फक्त मामा जागचे उठले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दाब रे बाबा," ते म्हणत होते. "सोडू नकोस. दाब."

मिस्त्रीला आज नळीही लागली नाही. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. इंजिनातला धूर ज्या लोखंडी नळीतून बाहेर पडतो, तिच्या जोडापाशी काजळीचा काळाकुट्ट पट्टा उमटला होता. एक नट सैल होता आणि जोडातली फट बुजवणारी पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, फुटलं होतं. तो तसाच वाकून बघत असताना इंजिन तापलं आणि सगळ्यांच्या देखत टिकटिक विरत विरत थांबली.

"घ्या," मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाला. "गार असताना फट उघडी. धूर तिच्यातून टिकटिक करत निसटतो. तापलं की लोखंड फुगतं आणि फट बंद. आणि आपण सगळे एवढे शिस्तीचे, की तापल्याशिवाय कुणी कान लावायला तयार नाही." मग तो मामांसमोर येऊन उभा राहिला. "हळू चालणाऱ्या इंजिनात हा आवाज मला नळी लावूनही आला नसता. तू केबिनमध्ये बसून ऐकलास. असा कान मी आजवर पाहिला नाही, गड्या."

दुपारपर्यंत नवं गॅस्केट बसलं, नट आवळले गेले. बदली ड्रायव्हर चहा पिऊन, कानातली गाणी न काढता, निघून गेला. लेकीनं चावी मामांच्या हातात ठेवली आणि बराच वेळ तो हात सोडलाच नाही. मामा तिला म्हणाले, "टायर कधी घ्यायचे मग?" आणि ती रडता रडता हसली.

या सगळ्या आनंदात मामी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. संध्याकाळी भांडी विसळताना त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, "म्हणजे तुमचे कान चांगले आहेत तर."

"एकदम पहिल्यासारखे," मामा ऐटीत म्हणाले.

"मग हाकेला ओ का देत नव्हता?"

"हाक ऐकू यायची गं. ओ द्यायचं राहून जायचं."

"आणि मी जे... कोबी चिरताना वगैरे..."

इथे एखाद्या शहाण्या माणसानं जीभ आवरली असती. पण मामा ट्रकमधून खाली उतरलेले होते. "सगळं ऐकलं," ते प्रेमानं म्हणाले. "निळ्या साडीचं ऐकलं. वळणावरचं पण ऐकलं."

मामींचा चेहरा लाल झाला तो झालाच. दुसऱ्या दिवसापासून त्या मामांशी मोजकं बोलू लागल्या. "चहा." "डबा." "जेवण वाढलंय." राग नव्हता, रागावलेल्या मामी कशा असतात हे मामांना चांगलं ठाऊक होतं. ही लाज होती आणि तिच्यावर मामांकडे कुठलं औषध नव्हतं. ट्रक आता बिनआवाजाचा चालत होता आणि घरही. मामांची तंद्रीसुद्धा उडाली. हाक मारायच्या आधीच ओ देऊन मोकळे व्हायचे. दुपारभर कान टवकारून बसायचे, पण स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज यायचा, बटाटे पाण्यात पडल्याचा आवाज यायचा, आणि बाकी काही नाही. एवढा चांगला कान आणि त्याला ऐकायला काही उरलं नव्हतं. मामांना फार एकटं वाटायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मामी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऊन जमिनीवर पसरलं होतं. मामांचा एक सदरा हातात धरून त्यांचे ओठ हलले, "या माणसाला..." आणि समोर मामा दिसताच त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

मामांनी आधी आतल्या खोलीकडे पाहून घेतलं. लेक गाढ झोपली होती. मग ते खालच्या सुरात म्हणाले, "काय म्हणालीस? हल्ली मला जरा कमी ऐकू येतं."

"तुम्हाला? मिस्त्री तर म्हणाला..."

"ते इंजिनाचं. घरात कमी येतं. डाव्या बाजूनं तर काहीच येत नाही."

मामी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मामांनी चेहरा कोरा ठेवला आणि खिडकीबाहेर नजर लावली. मग मामींनी कपड्यांचा ढीग उचलला, मामांच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या, आणि सदऱ्याची घडी घालत हळूहळू बोलायला लागल्या.