मधलीने तयार कपड्यांचे दुकान सर केले त्याची हकीकत

प्रथम अर्ज ऐसा की, तख्ते उलथली आणि किल्ले पडले त्यांच्या हकीकती लिहिणारे पैशाला पासरी जाहले. परंतु एका मुलीने नोकरीची मुलाखत कैसी मारली, हे लिहावयास कोणी बोरू उचलीना. सबब या लेखकाने, कंबर धरली असताही, बैठक मारली आणि जे घडले ते पदरचे फारसे काही न घालता लिहिले. वाचणारास हसू आल्यास खुशाल हसावे, परंतु मध्येच उठोन चहास जाऊ नये. ओघ तुटतो आणि लेखकाचे डोके फिरते.

घराणे मातब्बर. माणसे सात, खोल्या दोन आणि कपाट एक. आईसाहेब, बाबासाहेब, आत्याबाई, दोन भाऊ, धाकटी आणि मधली. थोरली कन्या लग्न होऊन दुसऱ्या शहरी नांदत होती. मधलीस दुसरे नाव होते, परंतु ते शाळेच्या दाखल्याबाहेर कोणी वापरले नाही. त्या एका कपाटात सातांचे कपडे मावावे म्हणोन घराण्यात घडीची एक रीत पडली होती, ती ऐसी की सदरा उपडा घालावा, बाह्या आत घ्याव्या, खालोन गुंडाळीत यावे आणि शेवटास टोक आत खोचावे, की मुठीएवढे गाठोडे होई आणि जोराने आपटले तरी सुटेना. या विद्येत मधलीचा हात धरणारा घरात कोणी नव्हता.

ऐशियास थोरलीस जुळे जाहले. जुळे म्हणजे दोन तोफा. एक थंडावते तो दुसरी डागली जाते. थोरली जेरीस आली आणि तिने फोन लावोन कळविले की, "मधली घरीच असते ना? मग पाठवा की इकडे. दोन वर्षं तरी राहू दे." तेव्हा सारे कपाटासमोर मसलतीस बसले आणि बाबासाहेबी फर्माविले की, सोमवारपावेतो नोकरी लागल्यास उत्तम, न लागल्यास मधलीने बोचके बांधोन थोरलीचे चाकरीस रुजू व्हावे. आत्याबाई वदल्या, "घरचंच तर काम! त्यात काय एवढं?" जे कधी पाण्याचा पेला उचलीत नाहीत तेच ऐसे बोलतात, हे लेखकाचे मत असे, आणि ते तो बदलणार नाही. आईसाहेब काही बोलल्या नाहीत. मधली गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीआड जाऊन रडली. भाच्यांवर तिचा जीव होता हे खोटे नव्हे. परंतु दोनांची चार वर्षे होतील आणि चारांची दहा, आणि मग आपणास काय करावयाचे होते हे आपणासही आठवणार नाही, या भयाने तिची गाळण उडाली होती.

इतकियात धाकटीने हेराचे काम चोख बजावोन खबर आणिली की, बाजारातील मोठ्या दुकानाचे काचेवर 'विक्रीसाठी माणसे पाहिजेत' ऐसा कागद लागला आहे, मुलाखती शनिवारी. मग सरंजाम जमू लागला. थोरल्या भावाची काळी पँट कमरेस पिना मारोन आवळली, आत्याबाईंची पर्स त्यांस न विचारता घेतली, आणि आईसाहेबी सदऱ्यास ऐसी इस्त्री केली की कॉलरीने बोट कापावे. स्वारी पायी निघाली आणि घाम येऊ नये म्हणोन सावलीसावलीने चालली, तेणेकरून रस्ता दुप्पट जाहला आणि घाम यायचा तो आलाच.

दुकानाचा दरवाजा काचेचा, आपोआप सरकणारा. मधलीने ढकलावयास हात पुढे केला तो दरवाजाच बाजूस जाहला आणि स्वारी तोंडघशी पडता पडता वाचली. आत थंडगार हवा. दुतर्फा बिनमुंडक्यांचे पहारेकरी उंची पोशाख करोन उभे, त्यांतील एकास मधली गडबडीने "सॉरी हं" म्हणाली. पुढे मॅनेजरबाईंचा मुक्काम. गळ्यात ओळखपत्र, कानात यंत्र, आणि मुखावर हास्य, जे वरून हुकूम आल्याने सकाळी लावीत आणि रात्री उतरवीत. दुसरा उमेदवार एक चष्मेवाला, बगलेत फाईल, आणि ऐट ऐसी की दुकान आपलेच असोन मॅनेजरबाईच मुलाखतीस आल्या आहेत.

जाबसाल सुरू जाहला. बाईंनी पुसिले की, पाच वर्षांनी आपण स्वतःस कोठे पाहता? चष्मेवाला म्हणाला की, साऱ्या विभागाचा प्रमुख होईन, आणि त्याचा नकाशा त्याने फाईलीतून काढिला. मधलीने इकडेतिकडे पाहिले, विकणाऱ्यांस बसावयास साऱ्या दुकानात एक स्टूलही दिसेना, मग खरे तेच बोलली, "इथंच. उभी." बाईंनी दुसरा गोळा टाकिला की, आपला दोष सांगावा. चष्मेवाला म्हणाला की, मी कामात फार बुडून जातो हाच माझा दोष. आहा रे दोष! मधलीने बराच विचार करोन कबुली दिली, "मला पसारा बघवत नाही."

तेव्हा बाईंनी दोहोंस प्रत्यक्ष रणात उतरविले. चष्मेवाल्यास गिऱ्हाइके दिली. मधलीस दारालगतचे भले मोठे टेबल दाखविले, ज्यावर टी-शर्टांचा डोंगर अस्ताव्यस्त पडला होता. रंग ऐसा की पिवळा म्हणावे तर हिरवा रुसे आणि हिरवा म्हणावे तर डोळे दुखत. वर्ष लोटले, एक नग हलला नव्हता. हुकूम इतुकाच जाहला की, "हे टेबल नीट लावा," आणि बाई मुख्य कचेरीतील वरच्या साहेबांचा फोन घ्यावयास माडीवर गेल्या.

आता दुकानांची रीत ऐसी असते की, माल पुठ्ठ्यावर ठेवोन रुंद घडी घालावी, घडीवर घडी चढवावी आणि टेबल गच्च भरलेले दिसावे. ही गोष्ट मधलीस कोणी सांगितली नाही. तिला नीट म्हणजे काय ते एकच ठावे. तिने बाह्या चढविल्या आणि सदरा उपडा, बाह्या आत, गुंडाळी, खोच, आणि पुढचा घे! घरी जैसा प्रत्येकाचा कोपरा, तैसे मापवार रकाने केले. बघता बघता अख्खा डोंगर टेबलाच्या एका कोपऱ्यात बसला आणि उरलेले मैदान मोकळे पडले. मग तिने रुमालाने टेबल लख्ख पुसले आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

बाई जिना उतरल्या आणि त्यांचे हास्य गळोन पडले. "माल कुठे गेला?" मधलीने कोपरा दाखविला. बाईंनी कपाळास हात लाविला आणि निवाडा दिला, "अहो, आम्ही माल दाखवायला ठेवतो, लपवायला नाही. दुकान लुटल्यासारखं दिसतंय. तुम्ही निघा आता." मधलीच्या डोळ्यांसमोर दोन दुधाच्या बाटल्या उभ्या राहिल्या आणि तिने पर्स उचलिली.

तोच दरवाजा सरकला आणि एक काकू आत आल्या, हाती पिशव्या दोन, नजर घारीची. त्यांनी मोकळे टेबल पाहिले, कोपऱ्यातील उरलासुरला माल पाहिला आणि ओरडल्या, "अगं बाई, संपत आले की!" काय संपत आले हे त्यांनी पाहिले नाही. हात घातला आणि तीन नग उचलिले. मागील बाईने हे पाहिले आणि चार उचलिले. मग वार्ता पसरली की दाराशी काहीतरी संपते आहे, आणि चोहीकडून फौजा लोटल्या, आणि कोपरास कोपर, पिशवीस पिशवी भिडली. चष्मेवाल्याचे गिऱ्हाईक त्याचे वाक्य अर्ध्यावर सोडोन धावले.

मधली दारापर्यंत पोचली होती. परंतु मागोन काकूंनी हाक दिली, "अहो ताई, माझ्या मापाचा कुठला?" आणि मधलीस राहवेना. कोणता रकाना कोणाचा हे तिच्यावाचोन कोणास ठावे? ती वळली, पर्स खाली टाकिली आणि टेबलाआड उभी राहिली. नजरेने माप घेई, गाठोडे काढी आणि हातात ठेवी, "हा तुमचा. हा ताईंचा. ओढू नका, फाटेल, दोघींना मिळेल." एका गृहस्थाने रंगाविषयी शंका काढिली, त्यास ती म्हणाली, "नाही आवडला तर ठेवा, मागे माणसं उभी आहेत." गृहस्थाने दोन घेतले. कोपरा रिता जाहला तेव्हा खुद्द चष्मेवाला एक नग छातीशी धरोन बिलाच्या रांगेत उभा असलेला दिसला.

मॅनेजरबाई कानातील यंत्रात वर कळवीत होत्या की, "सर, मी आज डिस्प्लेचा एक नवीन प्रयोग केला." तत्क्षणी वरून आज्ञा सुटली की, साऱ्या शाखांनी टेबले रिकामी ठेवावी. धन्य ते वरचे! मग बाईंनी हास्य पुन्हा लाविले आणि मधलीशी तह केला. कलमे ऐसी की, तीन महिने कच्ची नेमणूक, दहा तास उभे राहणे, सुटी कोणत्याही वारी परंतु रविवारी नव्हे, आणि प्रयोग कोणाचा हे कोणी पुसल्यास मॅनेजरबाईंचा. मधलीने सारी कलमे मान्य केली आणि रुजू कधी व्हावे इतुकेच पुसिले. सोमवारी.

घरी वार्ता पोचते तो थोरलीचा फोन. "मग कधी येतेय ती? मी तर मुलं सांभाळणाऱ्या बाईला नको म्हणून सांगूनसुद्धा टाकलं." आत्याबाई पुढे सरल्या, बाबासाहेबांनी घसा साफ केला; परंतु फोन आईसाहेबांनी हाती घेतला, ज्या आजवर एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती आता कामाला जाते. तू जावईबापूंना सांग, रात्री एकाला त्यांनी घ्यायचं. मुलं त्यांचीही आहेत." आणि फोन ठेविला. मधलीने आईस मिठी मारिली आणि दोघी रडल्या, या खेपेस चादरीआड नव्हे.

या घराण्यात दस्तूर ऐसा की, बंबाचे पहिले पाणी कामावर जाणाऱ्याचे, आणि मधलीचा नंबर नेहमीच सातवा, त्यामुळे तिला पाणी मिळे ते गारच. सोमवारी प्रातःकाळी ती न्हाणीत शिरली आणि आतून कडी घातली. बाबासाहेब खांद्यावर टॉवेल टाकोन दाराबाहेर उभे राहिले, दोन्ही भाऊ त्यांच्या मागे. कोणी दार वाजविले नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे. पाणी कढत होते.