चुन्याच्या बाईचे पाय

हेनिगनसाहेबांच्या वकिली कचेरीत नूलाबाईंच्या टेबलाच्या बरोबर वर दोन पाय होते. जॉर्ज राजांच्या काळात कुणा लॉर्डाने आपल्या डब्लिनच्या घरात, दिवाणखान्याच्या छतावर, चुन्यात पहुडलेली एक बाई घडवून घेतली होती. पुढे घराच्या कचेऱ्या झाल्या, दिवाणखान्यात मधोमध लाकडी भिंत आली आणि बाई कमरेत कापली गेली. पाय हेनिगनसाहेबांच्या वाट्याला आले, चेहरा पलीकडच्या विमावाल्या मॅलकी टूहींकडे गेला.

दोन्ही कचेऱ्यांचं जिन्याखाली लावलेल्या एका सायकलीवरून बिनसलेलं. त्यामुळे पलीकडे डोकावायची सोय नव्हती. नूलाबाईंनी तो चेहरा मनातच रंगवला होता: टपोरे डोळे, जरासे उदास, नजर आपल्याकडेच. लोकांची मृत्युपत्रं टाइप करताना त्यांना तेवढाच आधार वाटायचा. आणि आता सोमवारपासून कचेरी काचेच्या नव्या इमारतीत जाणार होती.

शेवटच्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, निरोप घ्यायला म्हणून त्या सरळ जमिनीवर उताण्या झाल्या. उंच खिडकीतलं ऊन हळूहळू त्या पावलांवर चढत होतं. बघता बघता त्यांना कचेरीचा विसर पडला. तेवढ्यात हाताखालची ईफा चहा घेऊन आत आली.

"येशू, मेरी, जोसेफ! साहेब, नूलाबाई गेल्या!"

मी छतावरचे पाय बघत पडले होते, असं साहेबांना सांगण्यापेक्षा बेशुद्ध पडलेलं बरं. नूलाबाईंनी डोळे गच्च मिटले. साहेबांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

"मला काही झालेलं नाही हो," स्ट्रेचर आल्यावर त्या पुटपुटल्या.

"सगळे असंच म्हणतात, मावशी," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला आणि त्याने पट्टे आवळले.

पण दारापुढच्या अरुंद बोळात सामानाचे खोके रचलेले. स्ट्रेचर काही केल्या वळेना.

"दुसरं दार नाही का?"

"भिंतीत आहे एक," साहेब म्हणाले. "पण ते त्या माणसाकडं उघडतं."

"मग सांगा की त्या माणसाला."

साहेबांनी टाय सारखा केला आणि भिंतीवर टकटक केली. "टूही, जरा दार उघडता का? आमच्या बाई आजारी आहेत."

"आणि सायकल?" पलीकडून आवाज आला.

"लावा हो सायकल. माझ्या डोक्यावर लावा."

कडी निघाली. लाजेने मिटलेले डोळे नूलाबाईंनी टक्क उघडले, आणि उताण्याच त्या पलीकडे निघाल्या.

वर चेहरा होता. गुबगुबीत गाल, तोंड उघडं, आणि बाई गाढ झोपलेली. इतकी वर्षं ती आपल्याकडे बघतच नव्हती. नूलाबाईंना फार वाईट वाटलं. मग हसू फुटलं, आणि ते आवरेचना.

"डोक्यावर परिणाम झाला वाटतं," साहेब घाबरून म्हणाले.

टूही स्ट्रेचरबरोबर जिना उतरत होते. वळणावर त्यांनी वाकून हळूच विचारलं, "बाई, रागावणार नसाल तर एक विचारू? हिचे पाय कसे आहेत हो?"

नूलाबाई हसायच्या थांबल्या. हा माणूसही इतकी वर्षं वरच बघत होता तर. "एका पायात सपात आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी गळून पडलीय."

"वाटलंच मला," टूहींनी समाधानाने मान हलवली. "झोपच तशी लागलीय तिला."

खाली दाराशी ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, "बरोबर कोण येतंय? तुम्ही कोण यांचे?"

"भिंतीपलीकडचा," टूही म्हणाले आणि टोपी घालून आत चढले.

आपल्याला काहीही झालेलं नाही, हे आता ठणकावून सांगायची वेळ आली आहे, असं नूलाबाईंना वाटलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.