आगुदर वजन सांगा

माझ्या मेव्हणीच्या लग्नात देठे सर पाठीवर भरलेली पिशवी घेऊन जेवले. मंडपात आले ते पिशवीसकट, अक्षता टाकल्या त्या पिशवीसकट, आणि जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिले तेही पिशवीसकट. माझ्या सासऱ्यांना वाटलं, पाहुण्यांची एसटी निघायच्या बेतात आहे. त्यांनी वाढप्यांना हाक मारून सरांना पहिले वाढायला लावलं. जेवण झालं, पान झालं, नवरी वाटेला लागली, तरी पाहुणे आपले खांबाजवळ पिशवी घेऊन उभेच. शेवटी मी जाऊन विचारलं, की सर, ही खाली का ठेवत नाही?

"पाठीले सवय लावून राह्यलो," ते म्हणाले. "लग्नात उभंच राहा लागते. मंग वेळ फुकट काहून घालवाचा?"

देठे सर बाभुळगावला माझ्याच शाळेत गणित शिकवतात. मी मराठी शिकवतो. पन्नाशी उलटलेली, अंग पऱ्हाटीच्या काडीसारखं काटक, मिशी पांढरी आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी लटकवायचा काटा. रद्दीवाले गठ्ठा तोलतात तसला, पण छोटा. समोर कोणतीही वस्तू आली की सर ती आधी त्या आकड्याला अडकवतात. यवतमाळच्या बाजारात दुकानदार चादर उलगडून तिचा पोत सांगायला लागला की सर त्याला मधेच थांबवतात. "भाव नंतर. आगुदर वजन सांगा." दुकानदारांनी आयुष्यात हा प्रश्न ऐकलेला नसतो. चादरीचं वजन कोण सांगणार? मग खिशातून काटा निघतो, आणि गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहतात.

मला मुलगी झाली तेव्हा पेढा उचलताना त्यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांच्या तोंडी तो पहिल्यांदाच योग्य जागी पडला होता.

ही सगळी तयारी शिकारीची. नवीन मुख्याध्यापिका आल्या त्या वर्षी सरांनी रजेच्या अर्जात कारण म्हणून सरळ 'शिकारीस जाणे' असं लिहिलं. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं, दार लावलं, आणि वनखात्याचे कायदे किती कडक झालेत ते समजावून सांगायला सुरुवात केली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्यातली गरी, म्हणजे मासे धरायचा आकडा, टेबलावर ठेवली. "मरळ मारतो, मॅडम. वाघ नाही."

मरळ म्हणजे काळपट, सापाच्या तोंडाचा मासा. काठाच्या मुळ्यांत दबा धरून बसतो. सरांचं म्हणणं असं, की जिथवर मोटरसायकल जाते तिथली मरळ संपलेली असते. खरी मरळ पाहिजे तर रस्ता सुटतो तिथून पुढे डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि पैनगंगेच्या एखाद्या डोहाशी मुक्काम टाकायचा. म्हणजे घर पाठीवर घेऊन जायचं. आणि पाठ एकच असते.

असल्या सामानाचं एक मोठं दुकान त्यांनी नागपूरला पाहिलं होतं. आत गेले, प्रत्येक तंबू, प्रत्येक स्टोव्ह काट्याला लावला, किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या, पोऱ्याला धन्यवाद दिले आणि हात हलवत परत आले. घरी येऊन म्हणाले, की करता येण्यासारखं आहे सगळं.

आणि केलंही. तंबू छत्र्यांचा केला. गावभर सांगून ठेवलं, की मोडलेली छत्री टाकू नका, मला द्या. काड्या काढून कापड उसवायचं, शिवून जोडायचं, शिवणीवर मेण घासायचं. बहुतेक तंबू काळा आहे, पण एका अंगाला मुख्याध्यापिकाबाईंच्या छत्रीची गुलाबी फुलं आहेत आणि दारावर एका सोनाराच्या दुकानाची जाहिरात. चूल दोन थंड पेयांच्या डब्यांची. ती त्यांनी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये स्पिरिट घालून पेटवून दाखवली. चहा चांगला झाला. फक्त तो होईपर्यंत मधली सुट्टी संपली आणि पुढचा तासही अर्धा गेला.

आम्ही फ्रिज घेतला तेव्हा सर संध्याकाळीच बघायला आले. बायकोने कौतुकाने दार उघडून आतला दिवा दाखवला. सरांनी फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. खोक्यातून निघालेला पांढरा फोम उचलला, काट्याला लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या फोमची त्यांनी निजायची पट्टी केली. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेल अर्धा फाडला. रेनकोट शिवला तेव्हा पाऊस नव्हता, म्हणून दुकानातून कोराच फवारणीचा पंप आणला, त्यात साधं पाणी भरलं आणि अंगणात उभं राहून देठे वहिनींना आपल्यावर फवारायला लावलं. वहिनींनी मनापासून फवारलं. रेनकोट डाव्या काखेत गळला. सर खूश झाले, कारण गळायचं ते घरीच गळलं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नाही. जोडे. ते त्यांनी चांगल्या दुकानातून, चार वेळा घालून पाहून, वजन न विचारता घेतले. मी आश्चर्य दाखवलं तर म्हणाले, "पाय गेला तं मानूस तिथंच राह्यला. बाकी समदं फाटलं तं चालते."

देठे वहिनी एकदा माझ्या बायकोजवळ बोलून गेल्या, की हे वजनाचं वेड अलीकडचं आहे. पूर्वी हेच गृहस्थ पाठीवर लोखंडी तवा घेऊन डोंगर चढत आणि वर वरवंटा दिला असता तर तोही नेला असता. मग अचानक काय शिरलं अंगात, कोण जाणे. वयामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला विचारलं, की येता का बरोबर. मी हुरळलो. इतक्या वर्षांत त्यांनी शाळेतल्या कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या गप्पा त्यांना आवडत असाव्यात, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बायकोला तसं सांगितलंही. त्यानंतर महिनाभर त्यांनी मला पिशवीत विटा घालून लोहाऱ्याच्या रस्त्याने चालवलं. दुखतं म्हणून मी कुरकुर केली की ते म्हणायचे, "मले नोका सांगू. पाठीले इचारा."

पुसदच्या स्टँडवर उतरलो तर बाकावर एक गृहस्थ आमची वाट बघत बसले होते. उंच, कधीकाळी भरदार असावेत, पण आता अंगातला कोट सैल झालेला. सरांनी ओळख करून दिली. हे रामधन राठोड, जवळच्याच तांड्यावरचे. सर नोकरीला लागले ते पुसदला, आणि तिथे रामधनभाऊ कवायतीचे मास्तर होते. मरळ मारायला त्यांनीच शिकवलेलं. सर त्यांना 'भिया' म्हणतात, ते सरांना गुणवंता. बंजारा बोलीत भिया म्हणजे भाऊ.

सरांनी आपली पिशवी उघडली आणि तिच्यातून दुसरी एक पिशवी काढली. इतकी लहान, की मला वाटलं डबा असेल. ती त्यांनी रामधनभाऊंच्या पाठीवर चढवली, पट्टे ओढले, आणि मागे सरकून पाहिलं. रामधनभाऊंनी खांदे हलवले. "याच्यात काहीच नाही, गुणवंता."

"समदं हाये. तुहं अंथरुण, पांघरुण, ताट, गरी. काढून पाह्य."

ते बाकावर बसले आणि खरंच एकेक वस्तू काढून पाहू लागले. फ्रिजच्या फोमची पट्टी मी ओळखली. अर्धा टॉवेल ओळखला.

शेवटच्या गावापर्यंत जीपने गेलो. सरांनी पोलीस पाटलांना कुठे मुक्काम करणार ते सांगून ठेवलं आणि आम्ही चालायला लागलो. सर पुढे, मी आणि रामधनभाऊ मागे. गावाबाहेरच्या बावडीच्या, म्हणजे विहिरीच्या, पुढे सागाची पानं वाळून पायाखाली कडकड वाजत होती. चालता चालता रामधनभाऊंनी मला सांगितलं, की काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालत जा, पण ओझं उचलायचं नाही. शाळेतल्या लेकराच्या दप्तराहून जास्त तर मुळीच नाही. देठे सर भेटायला गेले तेव्हा त्यांनी लगेच तोड काढली, की तू नुसता चाल, तुझं सामान मी घेतो.

"म्या सांगून देल्लं त्याले," रामधनभाऊ म्हणाले. "ज्याचं ओझं दुसरा वाह्यते तो शिकारी नाही, सामान हाये. मी सामान होऊन नाही येत. मायं मी घेईन, नाही तं खाटेवर बसून राहीन."

सर म्हणे चहा पिऊन निघून आले होते. जाताना फक्त खाटेखालची रामधनभाऊंची जुनी पिशवी हाताने उचलून पाहिली होती.

मी पुढे चाललेल्या सरांकडे पाहिलं. छत्र्या, डबे, कापलेली ब्रशची दांडी, एवढी वर्षं चाललेलं तोलमाप. सगळं गाव हसलं होतं, मीही हसलो होतो. एका माणसाचं बिऱ्हाड लेकराच्या दप्तरात बसेपर्यंत हा गृहस्थ कातरत बसला होता.

चढाच्या मध्यावर विसावा घेतला. रामधनभाऊ एका मोहाच्या झाडाला टेकून डोळे मिटून बसले. सरांची पिशवी उन्हात होती, म्हणून ती सावलीत ओढावी या विचाराने मी पट्टा धरला, आणि ती जागची हलेना. दोन्ही हातांनी उचलली तेव्हा कुठे जमीन सुटली. वजनापायी टॉवेल फाडणाऱ्या माणसाची पिशवी माझ्या पिशवीच्या दुप्पट जड होती. तोंड सैल होतं. वर जाड कॅनव्हासची घडी होती, कडेने मजबूत फासे शिवलेली, आणि खाली दोराचं भेंडोळं.

सर जवळ आले. त्यांनी एकदा झाडाखाली पाहिलं, मग माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"झोळी हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "बांबू कुठीबी भेटते. त्याले काही झालंच, तं खाली गावापावतर न्या लागन. त्याले सांगू नोका."

मी मान हलवली. मग ते थोडे संकोचून म्हणाले, "तुमची उंची माह्याएवढीच हाये, सर. दोघं एका उंचीचे असले तं झोळी सपाट राह्यते."

तर माझ्या गप्पांची ही किंमत होती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. पुढचा चढ मी ताठ मानेने चढलो. उंचीचा असा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

झोळी लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डोहाशी पोचलो. रामधनभाऊंनी काठ पाहिला आणि कुठल्या मुळीखाली मरळ असेल ते बोटाने दाखवलं. त्यांच्या आवाजात एकदम कवायतीचा मास्तर आला. तिथे बसू नका, सावली पाण्यात पडते. गरी अशी नका टाकू. मला दोनदा उठवलं, सरांना एकदा. सर मुकाट्याने उठले. इतके आज्ञाधारक मी त्यांना शाळेत कधी पाहिले नाहीत.

भाकरी खाल्ल्यावर रामधनभाऊ फोमच्या पट्टीवर आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली. दुपारचं मवाळ ऊन होतं. सरांनी आपली बांबूची छडी दोन दगडांत रोवली होती. दोरीला बांधलेलं मोरपिसाच्या दांडीचं, मासा लागला की बुडणारं टिपरं पाण्यावर स्थिर होतं. मी त्या टिपऱ्याकडे बघत होतो. सर बघत नव्हते. ते रामधनभाऊंच्या सदऱ्याकडे बघत होते. सदरा वर व्हायचा, खाली व्हायचा. मधे एकदा वर यायला त्याला जरा उशीर लागला, तर सर गुडघ्यावर उठून बसले, आणि तो वर आल्यावर पुन्हा खाली बसले.

तेवढ्यात टिपरं बुडालं. बुडालं ते वर आलंच नाही. छडी वाकली, दगड हलले. मी धडपडत उठायला लागलो तर सरांनी हात आडवा केला. छडी दगडांतून निसटली, काठावरून घसरली आणि पाण्यातून सरळ रेघ ओढत डोहाच्या मधोमध गेली. केवढी मरळ असेल, याचा अंदाज मला अजून येत नाही. सरांनी तिकडे एकदा पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

उन्हं कलल्यावर रामधनभाऊ जागे झाले. चूळ भरली, पाण्याकडे पाहिलं, मग मोकळ्या दगडांकडे.

"गरी कुठी गेली तुही?"

"ओढून नेली," सर म्हणाले.

रामधनभाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला सांगितलं, की हा असाच आहे, पहिल्यापासून, याला कितीही शिकवा, काठावर बसला की याचं लक्ष नसतं. मग सरांकडे वळून म्हणाले, "डुलकी लागली असन तुले."

"हो," देठे सर म्हणाले. "लागली थोडीशी."