मालनबाईंची मूठ

मालनबाईंची मूठ मोजायचं ठरलं, तेव्हा मालनबाईंना वाटलं, दिवाळीआधीच बांगड्या मिळणार. त्यांनी पदराला पुसून हात पुढे केला. समोर वजनकाटा आला. काट्यामागे ऋषी होता.

ऋषी हा मालक उत्तरेश्वररावांचा भाचा. बाणेरच्या एका कंपनीत बसून तो लोकांना धंदा कसा करावा हे शिकवायचा. स्वतः कधी केलेला नव्हता, त्यामुळे त्याची मतं स्वच्छ होती.

"मामा, आजकाल हॉटेल कुणी चालवत नाही. ब्रँड चालवतात. एकदा सगळी पद्धत एका पुस्तिकेत आली, की पन्नास शाखा!"

उत्तरेश्वररावांना पन्नास नको होत्या. एक पुरे होती. स्वारगेटजवळचं त्यांचं भोजनालय अकरा वर्षं मालनबाईंच्या भरल्या वांग्यावर उभं होतं. पण साडू हिंदुराव यांच्या चहाच्या तीन शाखा झाल्या होत्या, आणि सासरकडच्या प्रत्येक लग्नात ते पंगतीत ओरडून विचारत, "काय उत्तरेश्वरराव, अजून एकच?" अनोळखी माणसांना वाटायचं, मुलांबद्दल चाललंय.

आता निशा नावाची मुलगी आयटीतली नोकरी सोडून खडकीत उत्तरेश्वररावांच्या भोजनालयाची शाखा काढायला तयार झाली होती. अट एकच. येत्या शनिवारी ती नव्या स्वयंपाकिणीच्या हातचं वांगं खाणार, चव जुळली तर करारावर सही, नाहीतर राम राम.

"मालनबाई, दाण्याचं कूट किती घालता?" ऋषीने लॅपटॉप उघडला.

"मूठभर."

"मसाला?"

"मूठभर."

"आणि मीठ?"

"ते बी मुठीनंच. पर ल्हान मूठ."

ऋषीने लॅपटॉप मिटला आणि काटा पुढे सरकवला. फोडणीच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणून उत्तरेश्वरराव अकरा वर्षांत स्वयंपाकघरात फिरकले नव्हते. पण आजचा प्रसंग ऐतिहासिक होता. ते आत आले आणि कमरेवर हात ठेवून मालनबाईंच्या शेजारीच उभे राहिले.

मालनबाईंनी कूट उचललं. बत्तीस ग्रॅम. पुन्हा उचललं. बत्तीस. तिसऱ्यांदाही बत्तीस.

"मामा, ही बाई नाही, मशीन आहे!"

"मशीन तुझा बाप," मालनबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

"सोप्पं आहे मग," ऋषी म्हणाला. "बत्तीस ग्रॅमचा चमचा करून घेऊ."

"चमच्याचं लोक घरी खातात," उत्तरेश्वरराव म्हणाले. "बाहेर पाटीवर काय लिहिलंय? 'मुठीची चव.' मूठच पाहिजे."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला, 'स्वयंपाकासाठी मूठ पाहिजे. प्रत्यक्ष भेटा.' चौदा बायका भेटल्या. प्रत्येकीने परातीत हात घालून कूट उचलायचं आणि काट्यावर टाकायचं. कात्रजच्या एका बाईंनी वीस वर्षं मंगल कार्यालयांत हजार-हजार पानं उठवली होती. त्यांचं कूट भरलं शहात्तर ग्रॅम.

"सॉरी, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात," ऋषी म्हणाला.

"म्हणजे काय?"

"हात मोठा आहे."

"काम द्यायचं नसेल तर तसं सांगा. हाताला नावं ठेवू नका," असं म्हणून बाई गेल्या.

निवड झाली वेणूबाईंची. नाजूक हात, नेमके बत्तीस ग्रॅम. याआधी त्या शिवणकाम करत. स्वयंपाक येतो का, हा रकाना ऋषीच्या फॉर्मात नव्हता.

शनिवारी निशा आली. वेणूबाईंचं वांगं आलं. तिने एक घास खाल्ला आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"काका, हे पथ्याचं आहे का?"

शेजारच्या टेबलावर रोजचे एक गिऱ्हाईक होते. त्यांनी रस्सा चमच्याने वरून खाली सोडून पाहिला. "मालक, तब्येत कुणाची बिघडलीय? माझी की वांग्याची?"

उत्तरेश्वररावांना पंगतीतले हिंदुराव दिसू लागले. ते धावत आत गेले. "मालनबाई, तुम्ही करा! आत्ताच्या आत्ता! मी इथंच उभा आहे!"

ते खरोखरच उभे राहिले. कढई उतरेपर्यंत डोळे पुसत उभे राहिले. ताट बाहेर गेलं. निशाने घास घेतला.

"काका, हेही तसंच. मागच्या आठवड्यात मी इथंच जेवले होते. ते वांगं कुठंय?"

"मालनबाईंच्या हाताची चव गेली," उत्तरेश्वरराव मटकन खुर्चीत बसले. निशाने करार पिशवीत घातला, पण उठली नाही. तिने त्यांच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

"काका, मागच्या आठवड्यात तुम्ही आत होतात?"

"छे! मी कशाला आत जातोय?"

"मग आता माझ्याबरोबर इथंच बसा. मालनबाई, अजून एकदा!"

वीस मिनिटांनी तिसरं ताट आलं. निशाने दुसरी भाकरी मागवली. पाठोपाठ ऋषी बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मामा, आत्ता पुन्हा मूठ मोजली. एकाहत्तर."

मालनबाई दारात आल्या. "मालकाम्होरं हात आपसूक आखडतो. ज्याचं मीठ खायाचं, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं कूट उधळायचं व्हय? लाज हाय का न्हाई?"

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागं..."

"पाठीमागं केलं म्हणून तर धंदा झाला."

निशाने करार पुन्हा बाहेर काढला. "माझी सही तयार आहे. पुस्तिकेत एक कलम घाला, तुम्हालाही लागू आणि खडकीत मलाही."

ऋषीच्या पुस्तिकेत 'नेतृत्व' या प्रकरणासाठी चार कोरी पानं राखून ठेवली होती. एक ओळ पुरली. 'वांगं होत असताना मालकाने स्वयंपाकघरात जाऊ नये.'

दोघांच्या सह्या झाल्या. उत्तरेश्वररावांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याबरोबर भूकही लागली. ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थबकले.

"मालनबाई, माझं ताट घ्यायला आत येऊ का?"

"वांगं चुलीवर हाय, मालक. तितंच थांबा."

ते थांबले. त्यांच्या मागे हात धुवायला दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना वाटलं, इथे रांग आहे. तीही थांबली.