कोपऱ्यातल्या सूचनेची साक्ष

मिरजेच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आवटीबाईंची चौकशी होती आणि तिथे साक्ष द्यायला मी तयार केलेली धोक्याची सूचना स्वतः आली होती. गेटवरच्या रजिस्टरात तिने सही केली, येण्याचं कारण 'साक्ष' असं लिहिलं आणि पास गळ्यात अडकवला.

मी पुण्यातल्या क्लाउड सुरक्षेच्या कंपनीत सीनियर डिझायनर आहे. ग्राहकाला स्क्रीनवर काय, कुठे आणि केवढं दिसावं हे मी ठरवतो. एखादी फाईल चुकून सगळ्या जगाला उघडी राहिली की ही सूचना येते. पूर्वी ती लालभडक होती, स्क्रीनभर यायची. ग्राहक दचकतात, अशी कुरकुर आमच्या विक्रीवाल्यांनी केली. मग मी तिला राखाडी केलं, बोटभर केलं, खाली उजव्या कोपऱ्यात बसवलं आणि चार सेकंदांत नाहीसं व्हायला शिकवलं. त्याच कामावर मी सीनियर झालो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

ही लॅब आमची ग्राहक, आणि आवटीबाई तिथे संगणकावर रिपोर्ट भरायच्या. त्यांची फाईल सहा महिने उघडी होती आणि पेशंटांचे रिपोर्ट गावभर झाले. सूचनेकडे त्यांनी दुर्लक्ष केलं हे ठरलं, तर बावीस वर्षांची नोकरी जाणार होती. कंपनीतर्फे मीही चौकशीला हजर होतो.

सूचना खोलीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, चपलांशेजारी उभी राहिली.

"तुम्ही यांना दिसला होता का?" चौकशी घेणाऱ्या डॉ. मगदूमांनी विचारलं.

तिचे ओठ हलले, आणि ती नाहीशी झाली. मगदूमांनी संगणकावरची ती फाईल मिटून पुन्हा उघडली. सूचना पुन्हा आली. असं अकरा वेळा झालं. दर वेळी कारकुनाने 'साक्षीदार हजर' आणि 'साक्षीदार गैरहजर' असं लिहून घेतलं.

"सर, आम्हाला काय ऐकू येईना," मगदूम मला म्हणाले. "काय म्हणतीय ती?"

मला ऐकू येत होतं. तो आवाज मीच बारीक केला होता. ती म्हणत होती, 'मी रोज येत होते, पण बाईंना दिसणं शक्य नव्हतं. मला बनवलंच तसं आहे.'

"ती म्हणते, मी रोज येत होते," मी म्हणालो.

पुढचं वाक्य तोंडातून निघालं नाही. मला माझी शिसारी आली, तरी निघालं नाही. मगदूमांनी निकाल लिहिला. सूचनेने पास परत केला आणि ती गेली.

आवटीबाईंनी कागदावर सही केली, पर्स उचलली आणि त्या माझ्यापाशी आल्या.

"माझंच चुकलं असंल, सर," त्या म्हणाल्या. "आता माझ्या जागी जी येईल, तिला एकदा नीट दाखवा, कुठं बघायचं ते."

मी हो म्हणालो, पण त्यांच्याकडे बघवलं नाही.