उसामींचे घरचे

कायानोदाई स्टेशनच्या एक नंबर फलाटावर उसामी कोहेई जोरात शिंकले आणि त्यांची वरची कवळी रुळांवर जाऊन पडली.

दोष म्हटला तर देवदाराच्या परागांचा. मार्च महिन्यात सगळं गाव नाकावर मास्क लावून हिंडतं, उसामीही हिंडत. पण आज त्यांनी मास्क मुद्दाम खिशात घातला होता. दहा वाजता शेवटच्या स्टेशनाजवळच्या चहाघरात तोकिएबाईंना भेटायचं होतं. उसामी एकाहत्तर वर्षांचे विधुर, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तोकिएबाई सहासष्टच्या, विधवा. चुलतबहिणीने महिनाभर खटपट करून ही भेट जमवली होती. या भेटीसाठी उसामींनी नवी कवळी करून घेतली होती आणि ती लावून हसायचा सराव ते फलाटाच्या कडेशी करत होते. तेवढ्यात शिंक आली.

फलाटावर नाकागोमे नावाची तरुण कर्मचारी उभी होती. उसामी धावत तिच्याकडे गेले. आता ‘वरचे दात’ हे शब्द म्हणायला नेमके वरचे दातच लागतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायची होती.

“माझे हअचे आअ पअले!” ते ओरडले.

“काय झालं आजोबा? सावकाश सांगा.”

“हअचे! आअ! पअले!” उसामींनी रुळांकडे बोट केलं.

नाकागोमेचा चेहरा पांढरा पडला. “घरचे? तुमचे घरचे आत पडले? रुळांवर?”

उसामींनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग ‘रुळांवर’ ऐकून हो म्हणून हलवली.

“अगं बाई! किती जण आहेत?”

उसामींनी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. कुणी आकडा विचारला आणि त्यांनी दिला नाही, असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी आधी दहा बोटं दाखवली, मग चार.

“चौदा!” शेजारी उभी असलेली एक बाई किंचाळली आणि तिने खांबावरचं लाल बटण दाबलं.

भोंगे वाजू लागले. नऊ बाराची गाडी अर्धीअधिक फलाटात शिरून जागीच थांबली. पलीकडची थांबली. मग त्या दोघींच्या मागच्याही थांबल्या. कर्ण्यांतून घोषणा झाली, “रुळांवर माणसं पडल्यामुळे दोन्ही दिशांच्या गाड्या थांबवण्यात आल्या आहेत.” स्टेशनमास्तर टोपी सावरत धावत आले, गुडघे टेकून फलाटाखाली डोकावले. रुळांमधल्या खडीत एक कवळी त्यांच्याकडे बघून हसत होती.

“आजोबा, तुमचे घरचे कुठायत?”

उसामींनी ओशाळून तोंड उघडलं आणि वरच्या हिरडीवर बोट ठेवलं.

स्टेशनमास्तरांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. मग लांब दांडीचा चिमटा आणवून त्यांनी कवळी वर काढली. “नाकागोमे, मोज. वर चौदा कळवलेत.”

“तेराच आहेत, साहेब. कवळीला तडा गेलाय आणि एक तुटलाय.”

“मग एक बेपत्ता. तो सापडल्याशिवाय मला गाडी सोडता यायची नाही.”

“आहू य्या हो!” उसामी काकुळतीला आले.

“राहू द्या कसं? अहवालात चौदा लिहिलेत!”

चौदावा सापडेपर्यंत पावणेदहा वाजले. उसामींनी दरम्यान तोकिएबाईंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “कोण बोलतंय? अहो, कोण? शी! सकाळी सकाळी बायकांना फोन करून नुसती फुसफुस करता! लाज नाही वाटत?” फोन बंद झाला.

उसामींनी हताश होऊन नाकागोमेच्या हातात फोन दिला आणि तिच्या वहीत चार ओळी लिहून दाखवल्या. बिचारीने फोन लावला खरा, पण तिला ठाऊक असलेला सूर एकच, घोषणेचा.

“नमस्कार. श्रीयुत उसामी सुमारे एक तास उशिराने धावत आहेत. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.”

“इश्श! तुम्ही कोण?”

“कायानोदाई स्टेशन.”

मग नाकागोमेने शिंकेपासून सगळं सांगितलं. पायाखालची फरशी दुभंगेल तर बरं, असं उसामींना वाटलं. फुसफुसणारा, बोळक्या तोंडाचा, गावभरच्या गाड्या अडवणारा म्हातारा कुणाला हवा असेल? त्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि खोळंबलेल्या गाडीपाशी जाऊन प्रत्येक दारासमोर कमरेत वाकून माफी मागायला सुरुवात केली.

“आता कुठायत ते?” तोकिएबाईंनी विचारलं.

“प्रवाशांची माफी मागतायत. तिसऱ्या डब्यापर्यंत पोचलेत.”

“सगळ्यांची?”

“एकूण एक. गाडी दहा डब्यांची आहे हो.”

तोकिएबाईंनी सुस्कारा सोडला. “आमच्या ह्यांनी तीस वर्षांच्या संसारात उशीर होईल असं एकदाही कळवलं नाही, मुली. माफी तर दूरच. आणि हे चक्क स्टेशनातर्फे कळवतायत! दे बघू त्यांना फोन.”

नाकागोमे पळत चौथ्या डब्याशी गेली आणि तिने फोन उसामींच्या कानाला लावला. उसामींनी आधी टोपी काढली, मग फोनला वाकून नमस्कार केला.

“तुम्ही काही बोलू नका,” तोकिएबाई म्हणाल्या. “मीच येऊ का तिकडे?”

काय बोलावं? आणि बोललेलं त्यांना कळणार तरी कसं? त्यांनी डोळे मिटले आणि धीर करून म्हटलं, “हो.”

अगदी स्वच्छ उमटलं. एवढ्या एका शब्दाला वरच्या दातांची काही गरज नव्हती.