लोखंड भायेर!

माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी बारा वर्षं लपवली. चूक तारा जोडताना झाली होती. लपवणं मात्र मी जाणूनबुजून केलं.

त्या तारा मगदूम अण्णांच्या चुंबकाच्या. अण्णा कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. नव्वदच्या दशकात मी तिथे हंगामी अधिव्याख्याता म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी अंधाऱ्या खोलीच्या दारात त्यांनी मला अडवलं, "लोखंड भायेर!"

किल्ल्या, घड्याळ, सगळं दारातल्या ताटात काढून ठेवायचं. एकदा प्राचार्य पाहणीला आले, तर त्यांचा पट्टा उतरवला. दहा मिनिटं ते एका हातानं पँट धरून उभे होते. अण्णा म्हणाले, "साहेब, चुंबकाला हुद्दा कळत न्हाय की."

चुंबक त्यांनीच केलेला. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून लोखंड मागून आणलं आणि सहा महिने त्यावर तांब्याची तार गुंडाळली. त्याच्या दोन टोकांमध्ये बिस्मथ धातूचा स्फटिक, तोही त्यांनीच भट्टीत वाढवलेला. स्फटिकावर प्रकाश पाडायचा आणि परतणारा प्रकाश भिंगातून बघायचा. चुंबक चालू केला की त्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा केसभर वळते. ते केसभर मोजायचं, एवढाच नाद.

"सर, ह्यातलं इलेक्ट्रॉन लई हलकं. चप्पल हातात घेऊन पळत्यात."

मोजणीच्या दिवशी तांबडा रस्सा बंद, कारण डोळ्यांना पाणी येतं. आधी अर्धा तास डोक्यावर काळं कापड घेऊन बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. कुणी हाक मारली तर कापडातूनच उत्तर, "डोळं शिजत्यात, थांबा."

सात वर्षांच्या वह्यांत प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द होता: उजवीकडे.

मग एकदा अण्णा रजेवर असताना प्रॅक्टिकल परीक्षेसाठी मी त्यांच्या चुंबकाच्या तारा सोडवल्या आणि वीजपुरवठ्याची पेटी नेली. परत जोडताना पाहिलं, तर एका तारेला अण्णांनी खुणेसाठी बांधलेला तांबडा दोरा तुटून खाली पडलेला. अंदाजानं एका तारेला बांधून टाकला. अंदाज चुकला. वीज उलटी वाहू लागली आणि प्रकाश डावीकडे वळू लागला.

अण्णांनी दिवा बदलला, स्फटिक बदलला. आठवड्याभरानं माझ्यापाशी आले.

"सर, तारास्नी हात लावलासा काय?"

मला कायम करण्याचा कागद तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होता.

"नाही."

"दोरा खोटं बोलायचा न्हाय. सर खोटं बोलायचं न्हाईत," अण्णा हळूच म्हणाले. "मग ऱ्हायलं कोण? माझं डोळंच की."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. अण्णांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. वह्या कपाटात गेल्या, चुंबकावर चादर पडली. दारातलं ताट त्यांनी स्वतः घासून कँटीनला दिलं. मी किल्ल्या खिशात घालून त्या खोलीत जाऊ लागलो. कुणी अडवत नव्हतं. मी कायम झालो, पुढे विभागप्रमुख झालो आणि दर वर्षी थोडा अधिक थकत गेलो. अण्णा निवृत्त झाले.

परवा विभागात बाहेरगावचे एक पाहुणे व्याख्यानाला आले. विषय नवा होता, पदार्थ तोच जुना, बिस्मथ. "याच्यातले इलेक्ट्रॉन जणू वजनच नसल्यासारखे धावतात," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मला टाळी वाजवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी गेलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लेकीकडं चंदगडला निघाल्यात. आत्ताच स्टँडवर गेलं बघा."

स्टँडवर ते दिसले. समोर एसटी उभी होती आणि अण्णा शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होते, "पावणं, बोर्ड काय म्हणतोय?"

पाटीवरची अक्षरं वीतभर होती.

मला पाहून त्यांना आनंद झाला. "सर! बरं झालं भेटलासा. ह्यो पावणा चंदगड म्हणतोय. तुम्ही एकदा बघा की. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा न्हाय, तुम्हाला तर म्हाईतच हाय."

"तुम्हीच वाचा, अण्णा," मी म्हणालो. "तुमचे डोळे तेव्हाही बरोबर होते. तारा मी उलट्या जोडल्या होत्या. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा."